गहुंजेतले पाच नो-बॉल आणि एक जुना प्रश्न : गोलंदाजाचा ‘कंट्रोल’ येतो कुठून, जातो कुठे?

५ जानेवारी २०२३. गहुंजेच्या स्टेडियमवर भारत-श्रीलंका दुसरा टी-२० सामना. पिंपरी-चिंचवडमधून संध्याकाळची शिफ्ट टाळून, एक्स्प्रेस-वेच्या कडेला गाड्या लावून गेलेल्यांना ती रात्र चांगलीच आठवत असेल. आजारपणामुळे मुंबईतला पहिला सामना न खेळलेला अर्शदीप सिंग डावातलं दुसरं षटक टाकायला आला. षटकाचा शेवटचा चेंडू नो-बॉल पडला. पुन्हा टाकला, तो नो-बॉल. पुन्हा टाकला, तोही नो-बॉल. एका षटकात १९ धावा. नंतर त्याला थेट एकोणिसाव्या षटकात आणलं, तिथे आणखी दोन नो-बॉल. हिशेब झाला २ षटकं, ३७ धावा, ५ नो-बॉल. संघाचे मिळून ७. भारत सामना हरला १६ धावांनी.

त्या रात्री सोशल मीडियावर एकच सूर होता : इंटरनॅशनल लेव्हलचा बॉलर आणि पाय रेषेच्या मागे ठेवता येत नाही? प्रश्न चुकीचा नाही. पण त्यातला ‘साधं तर आहे’ हा भाग तपासून पाहण्यासारखा आहे. कारण गोलंदाजीतली सगळ्यात अवघड गोष्ट वेग नाही, स्विंग नाही. तीच कृती पुन्हा तशीच करणं ही आहे.

नो-बॉल एवढा महाग का?

नो-बॉलची एक धाव हा खर्चाचा सगळ्यात छोटा भाग. चेंडू मोजला जात नाही, म्हणजे फलंदाजाला एक जादा चेंडू मिळतो. त्यावर २००७ पासून वन-डेमध्येही फ्री हिट आहे, म्हणजे तो जादा चेंडू बाद होण्याची फारशी भीती न बाळगता मारता येतो. २०२० पासून तर पुढच्या पायाकडे टीव्ही पंच बघू लागले आहेत. पूर्वी मैदानावरच्या पंचाच्या नजरेतून निसटणारे दोन-तीन सेंटीमीटर आता निसटत नाहीत.

याचं टोकाचं उदाहरण आपल्याच शहराच्या पोराने दाखवलं आहे. २८ नोव्हेंबर २०२२ ला विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, अहमदाबादला, ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशच्या शिवा सिंगला एका षटकात सात षटकार मारले. सहा चेंडूंच्या षटकात सात षटकार कसे? मधला एक नो-बॉल. त्यावरही षटकार, म्हणून षटक ४३ धावांचं. तो एक पाय रेषेच्या मागे पडला असता तर शिवा सिंगचं नाव एवढं कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

बेसबॉलवाले हे मोजतात कसं?

क्रिकेटमध्ये आपण गोलंदाजाची सरासरी सांगतो, इकॉनॉमी सांगतो, स्ट्राइक रेट सांगतो. त्याच्या हातातला कंट्रोल किती, हे सांगणारा एक स्वच्छ आकडा आपल्याकडे रुळलेला नाही. बेसबॉलमध्ये तो आहे, आणि शंभराहून जास्त वर्षांचा हिशेब उपलब्ध आहे. म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

बेसबॉलचा पिचर १८.४४ मीटरवरून चेंडू फेकतो. आपल्या दोन पॉपिंग क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर आहे, म्हणजे मामला जवळपास सारखाच. चेंडू टप्पा न पडता एका काल्पनिक चौकटीतून जायला हवा. चौकटीची रुंदी ४३ सेंटीमीटर, उंची फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत. चौकटीबाहेर गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर त्या चेंडूला ‘बॉल’ म्हणतात. असे चार झाले की फलंदाज काहीही न करता चालत पहिल्या बेसवर जातो. हा ‘वॉक’. आपल्या वाइडचा मोठा भाऊ म्हणा.

दर नऊ इनिंगमागे, म्हणजे साधारण एका पूर्ण सामन्यामागे, पिचरने किती वॉक दिले तो त्याचा वॉक रेट. तीनच्या आसपास असेल तर ठीकठाक. दोनच्या खाली असेल तर हात सोन्याचा. पाचच्या वर गेला तर संघमालकाची झोप उडते. चाकणच्या भाषेत सांगायचं तर हा पिचरचा रिजेक्शन रेट आहे.

एक अंश म्हणजे किती?

आता थोडं गणित. मेकॅनिकलची पदवी घेऊन बातम्या लिहिणाऱ्या माणसाला अशी संधी वारंवार मिळत नाही.

समजा गोलंदाज ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकतोय, हातातून चेंडू सुटतो तेव्हा तो जमिनीपासून २.१ मीटर उंच आहे आणि टप्पा १३ मीटरवर पाडायचा आहे. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर चेंडू साधारण पावणेसात अंश खाली झुकवून सोडावा लागतो. हाच कोन फक्त एका अंशाने कमी झाला, तर टप्पा सव्वा मीटर पुढे पडतो. गुड लेंग्थचा चेंडू थेट ड्राइव्ह मारण्याजोगा होतो. बाजूच्या दिशेने एक अंश चुकला, तर फलंदाजापर्यंत पोहोचताना चेंडू तीसेक सेंटीमीटर सरकलेला असतो. तीन स्टंपांची मिळून रुंदी २३ सेंटीमीटर आहे, हे लक्षात घ्या.

आणि हा एक अंश चुकायला वेळ किती लागतो? वेगवान गोलंदाजाचा हात त्या क्षणी सेकंदाला हजार-दीड हजार अंशांच्या गतीने फिरत असतो, असा ढोबळ अंदाज धरू. म्हणजे एक अंश फिरायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग. बोटांनी चेंडू तेवढ्या फरकाने लवकर किंवा उशिरा सोडला की संपलं. एवढ्या वेळात मेंदू काही ‘दुरुस्त’ करू शकत नाही. डोळ्याला दिसून, मेंदूला कळून, स्नायूपर्यंत निरोप जायलाच याच्या शंभरपट वेळ लागतो.

नो-बॉलचंही तसंच. रन-अप पंधरा ढांगांचा असेल आणि प्रत्येक ढांग फक्त एक सेंटीमीटर लांब पडली, तर शेवटचा पाय पंधरा सेंटीमीटर पुढे. आजारपणातून उठलेला, सामन्याची लय नसलेला गोलंदाज प्रत्येक ढांगेत एक सेंटीमीटर चुकला, तर त्याला ते जाणवणारही नाही.

पण मग एकापाठोपाठ तीन नो-बॉल का? पहिल्यानंतर त्याला कळलं होतं ना?

ऑफसेटला हात लावू नको!

माझा अंदाज असा, की कळलं होतं म्हणूनच.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये इंटर्नशिप करत होते. सीएनसी टर्निंगवर बुश निघत होते. पहिला जॉब मोजला, बारा मायक्रॉन जास्त. लगेच ऑफसेट बदलला. पुढचा जॉब मोजला, नऊ मायक्रॉन कमी. पुन्हा ऑफसेट बदलला. अर्ध्या तासात रिजेक्शनचा ट्रे भरला. शेजारच्या मशीनवरचे काका चहाचा ग्लास हातात घेऊन आले, ट्रेकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, मशीन नाही बिघडलेलं. तुम्ही त्याला श्वास घेऊ देत नाही आहात. पाच जॉब काढा, मग ठरवा.”

काकांना माहीत नसेल, पण या चुकीवर गुणवत्ता-शास्त्रातला एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आपल्या वर्गात तो करून दाखवायचे. टेबलावर एक खूण, तिच्या वर धरलेली नरसाळी, नरसाळीतून सोडलेली गोटी. गोटी खुणेच्या आसपास कुठेतरी थांबते. नरसाळी जागची हलवलीच नाही तर गोट्या एका छोट्या वर्तुळात पडतात. पण प्रत्येक गोटीनंतर ‘दोन इंच उजवीकडे गेली, म्हणून नरसाळी दोन इंच डावीकडे’ अशी दुरुस्ती केली, तर गणिताने व्हेरियन्स दुप्पट होतो. गोट्यांचा प्रत्यक्ष पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. दुरुस्ती प्रामाणिक असते, हेतू चांगला असतो आणि नेमकी तीच नुकसान करते.

नो-बॉल पडल्यावर गोलंदाज पायाचा विचार करू लागतो. जी गोष्ट हजारो वेळा न बघता झाली, ती आता बघून करायची असते. ढांग आखडते, मग ती भरून काढायला शेवटची ढांग लांबते. लाखभर प्रेक्षकांसमोर पाच जॉब काढून मग ठरवायची सोय मात्र त्याला नसते.

बेसबॉलमध्ये याचं सगळ्यात क्रूर उदाहरण स्टीव्ह ब्लास. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर, १९७१ च्या वर्ल्ड सीरिजचा एक नायक. १९७२ मध्ये त्याने सुमारे २५० इनिंगमध्ये ८४ वॉक दिले, म्हणजे अगदी व्यवस्थित. १९७३ मध्ये पुन्हा ८४ वॉक दिले, पण या वेळी ९० इनिंगही भरल्या नव्हत्या. खांदा ठीक, कोपर ठीक, वेग ठीक. चेंडू चौकटीत जाईना. कारण कधीच नीट सापडलं नाही आणि दोन वर्षांत कारकीर्द संपली. तिकडे आजही एखाद्या पिचरचा हात असा अचानक पोरका झाला, की त्याला ‘स्टीव्ह ब्लासचा आजार’ म्हणतात.

मग कंट्रोल येतो कसा?

सँडी कोफॅक्स. डॉजर्सचा डावखुरा पिचर. पहिल्या सहा मोसमांत, १९५५ ते १९६०, त्याने ४०५ वॉक दिले. वॉक रेट ५.२७. त्या काळात तो खेळ सोडण्याच्या विचारापर्यंत आला होता. पुढच्या सहा मोसमांत, १९६१ ते १९६६, वॉक ४१२. पण इनिंग दुपटीहून जास्त, त्यामुळे रेट २.२७. मधे घडलं काय? १९६१ च्या सरावसामन्यात कॅचर नॉर्म शेरीने त्याला सांगितलं, एवढा जोर लावू नकोस, जरा सैल सोड. कोफॅक्सने जोर कमी केला. गंमत म्हणजे चेंडू फारसा मंदावलाच नाही. शेवटचा जो जोर तो लावत होता, तो वेगात जात नव्हता, अंग ताठ करण्यात जात होता. १९६५ मध्ये त्याने ३८२ फलंदाज स्ट्राइकआउट केले. पुढच्याच वर्षी, तिशीत, कोपराच्या संधिवातामुळे तो निवृत्त झाला. कंट्रोल सापडला, तेव्हा हात संपत आला होता.

दुसरा रँडी जॉन्सन, उंची २०८ सेंटीमीटर. १९९० पासून सलग तीन वर्षं त्याच्या लीगमध्ये सर्वाधिक वॉक त्याचेच. १९९१ चा रेट ६.७९. १९९२ च्या अखेरीस प्रतिस्पर्धी संघातल्या नोलन रायनने आणि त्या संघाचे प्रशिक्षक टॉम हाउस यांनी त्याला एक गोष्ट दाखवली. चेंडू टाकताना पुढचा पाय टाचेवर पडतोय, त्यामुळे सगळं अंग एका बाजूला कलंडतंय. चवड्यावर पाड. एवढंच. पुढच्या मोसमात रेट साडेतीनवर आला. २००४ मध्ये १.६१, आणि त्याच वर्षी चाळीसाव्या वर्षी त्याने ‘परफेक्ट गेम’ टाकली. पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांपैकी एकही जण बेसवर पोहोचला नाही. वॉक शून्य.

दोघांच्याही बाबतीत कुणी ‘नीट नेम धर’ असं सांगितलं नाही. नेम धरायची गोष्ट हाताची नव्हतीच. एकाचं अंग ताठ होतं, दुसऱ्याचा पाय चुकत होता. मूळ कारण सापडलं आणि तेवढंच बदललं. नरसाळी दर गोटीला हलवायची नाही, पण ती धरलेला स्टँडच वाकडा असेल तर तो मात्र एकदा बसून सरळ करायचा.

श्रीरामपूरचा झहीर, दोन फायनल

हे सगळं आपल्याला कोफॅक्सशिवायही कळू शकतं. श्रीरामपूरच्या झहीर खानची दोन पहिली षटकं शेजारी ठेवा.

२३ मार्च २००३, जोहान्सबर्ग. वर्ल्ड कपची फायनल, गांगुलीने टॉस जिंकून फील्डिंग घेतलेली. झहीर २४ वर्षांचा, त्या स्पर्धेत १८ विकेट घेणारा. पहिलं षटक त्याचं. नो-बॉल, वाइड, संपता संपेना. १५ धावा गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त बॅटला न लागता. ऑस्ट्रेलियाने ३५९ केल्या, त्यात ३७ अवांतर. झहीरची आकडेवारी ७ षटकांत ६७, विकेट नाही. भारत १२५ धावांनी हरला. आपल्या पिढीला पाँटिंगच्या १४० आठवतात. पण आमच्या घरात बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता तो त्या पहिल्या षटकातच.

पुढे झहीर दुखापतींत अडकला, संघाबाहेर गेला आणि २००६ चा मोसम खेळायला इंग्लंडमध्ये वूस्टरशायरला पोहोचला. तिथे कौंटीत विकेट घेतल्या ७८. दिवसामागून दिवस, षटकामागून षटक टाकायला मिळालं. रन-अप आखूड केला. चेंडू टाकण्याआधीची ती मोठी उडी कमी केली. उडी मोठी असली की उतरताना अंगाचा तोल दरवेळी थोडा वेगळा असतो. उडी कमी म्हणजे बदलणारे घटक कमी. वेग थोडा गेला, पण चेंडू सांगितल्या जागी पडू लागला. शॉप फ्लोअरवर याला सेटअपमधला ‘प्ले’ काढणं म्हणतात.

२ एप्रिल २०११, वानखेडे. पुन्हा फायनल, पुन्हा पहिलं षटक झहीरचं. मेडन. त्याचं दुसरं षटक, मेडन. तिसरं, मेडन. पहिल्या स्पेलची आकडेवारी ५ षटकं, ३ मेडन, ६ धावा आणि स्लिपमध्ये सेहवागने घेतलेला उपुल थरंगाचा झेल. शेवटी दहा षटकांत ६० गेल्या, कारण हाणामारीची षटकंही त्यालाच टाकावी लागली. स्पर्धेत २१ विकेट, आफ्रिदीबरोबर संयुक्त पहिला. वय ३२.

हात तोच, स्पर्धा तीच, दडपण बहुधा जास्तच. १५ धावांपासून शून्य धावांपर्यंत यायला आठ वर्षं लागली. कुठल्याही ग्राफवर इतका स्वच्छ फरक क्वचित दिसतो.

पण नुसता कंट्रोल पुरतो का?

नाही. आणि याचा पुरावाही मराठीच आहे.

नाशिकचे बापू नाडकर्णी. महाराष्ट्र आणि मुंबईकडून रणजी, भारताकडून ४१ कसोटी. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू पाडायचा सराव करत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटकं टाकली. त्यातली २७ मेडन, त्यापैकी २१ सलग. १३१ चेंडू ओळीने एकही धाव नाही. एकूण धावा ५. पूर्ण कारकिर्दीची इकॉनॉमी १.६७. कंट्रोल हा शब्द ज्यांच्यावरून समजावून सांगावा असे गोलंदाज.

आता त्या ३२ षटकांचा चौथा आकडा बघा : विकेट ०. कसोटी अनिर्णित सुटली. त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित सुटल्या.

याउलट ज्याने जॉन्सनला वाट दाखवली तो नोलन रायन. २७ मोसमांत २७९५ वॉक, इतिहासात सर्वाधिक. आणि ५७१४ स्ट्राइकआउट, तेही इतिहासात सर्वाधिक. त्याचं रिजेक्शन मोठं होतं, पण जो माल पास व्हायचा तो दुसरं कुणी बनवूच शकत नव्हतं. असा कामगार कुठलाही मॅनेजर ठेवून घेईल. कुरकुर करत, पण ठेवून घेईल.

त्यामुळे थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत किंवा कुठल्याही मैदानावर तेरा-चौदा वर्षांच्या पोराने दोन वाइड टाकले की जाळीबाहेरून ‘अरे, लाइनवर टाक की!’ म्हणून ओरडणाऱ्या पालकांबद्दल मला जरा शंका येते. त्या वयात दर सहा महिन्यांनी हाताची, पायाची लांबी बदलते. मशीनच रोज नवं आहे आणि आपण मायक्रॉन मोजतोय. त्याला वेगाने टाकू द्यावं, रन-अपची खूण मात्र प्रत्येक सरावाला टेपने मोजून घ्यावी आणि प्रत्येक चेंडूवर नाही, पन्नास चेंडूंवर बोलावं, असं मला वाटतं. प्रशिक्षकांचं मत वेगळं असू शकतं.

आणि अर्शदीप?

गहुंजेनंतर दीड वर्षाने, २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये त्याने १७ विकेट घेतल्या, स्पर्धेत संयुक्त सर्वाधिक. बार्बाडोसच्या फायनलमध्ये एकोणिसावं षटक त्याच्याकडेच आलं. गहुंजेतही एकोणिसावंच होतं. या वेळी धावा गेल्या ४.

गोष्ट इथे संपली असती तर छान वाटलं असतं. ११ डिसेंबर २०२५ ला मुल्लानपूरला, घरच्या मैदानावर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने एकाच षटकात सात वाइड टाकले. षटक १३ चेंडूंचं झालं आणि भारत सामनाही हरला. तीन दिवसांनी धरमशालाला त्याने चार षटकांत १३ धावा देऊन दोन विकेट घेतल्या आणि सामनावीर ठरला.